आजोबांना उचलायचं नाही, सरकवायचं

पत्र आलंय डोंबिवलीहून. थोडं छोटं करून देते.

"सिस्टर, मी ब्युरोतर्फे पेशंटचं काम करते, चोवीस तास. वय 43. आजोबांना पॅरालिसिस झालाय, उजवी बाजू गेली, वजन 80 किलो. दिवाणावर असतात, दिवसातून आठ-दहा वेळा उशीकडे वर ओढून घ्यावं लागतं, डायपर बदलायचं, दोनदा व्हीलचेअरवर बसवायचं. तीन आठवडे झाले कमरेत उसण भरलीय, आता डाव्या पायात पिंढरीपर्यंत मुंग्या येतात. मेडिकलमधून गोळी आणलीय, रोज सकाळी खाऊन काम करते. आमचे मालक वाशी मार्केटला माथाडी आहेत, ते म्हणतात पट्टा लाव आणि गुडघ्यात वाकून उचल, आम्ही गोणी उचलतोच ना. सासूबाई म्हणतात पायाळू माणसाची लाथ खा. घरचे लोक चांगले आहेत पण आधीची बाई एकटीच करायची म्हणतात. काम सोडणं परवडणार नाही. उचलायची बरोबर पद्धत सांगा."

ताई, पद्धतीचं नंतर. आधी पायातल्या मुंग्या. या आठवड्यात डॉक्टरांना दाखवा, जवळच्या सरकारी हॉस्पिटलच्या हाडांच्या ओपीडीत गेलात तरी चालेल, पण जा. कमरेपुरतं दुखणं बहुतेकांचं काही आठवड्यांत आपोआप उतरतं, पण दुखणं पायात खाली उतरलं म्हणजे मणक्याजवळची नस दुखावली असण्याची शक्यता असते, ते तपासून घ्यावं लागतं. आणि लाजू नका म्हणून स्पष्ट लिहिते, लघवी अडली किंवा कळत नकळत व्हायला लागली, किंवा बसायच्या जागी, मांड्यांच्या मध्ये बधिरपणा आला, किंवा पाय लुळा पडायला लागला, तर ओपीडीची वाट बघायची नाही, रात्रीचे दोन वाजले असले तरी त्याच वेळी कॅज्युअल्टीत जायचं. ती उसण नसते.

गोळीचं म्हणाल तर, दुखलं म्हणून एखादी घेतली हे वेगळं आणि दुखू नये म्हणून रोज घेऊन 80 किलोला हात घालायचा हे वेगळं. कंबर ओरडून सांगतेय आणि आपण तिच्या तोंडावर हात ठेवतोय. शिवाय या गोळ्या रोज खाल्ल्या की पोट बिघडतं, किडनीवर जातं, बीपी वाढतं. डॉक्टरांना गोळीची पट्टी दाखवा.

पायाळूची लाथ मी लहानपणी गावाकडे खूप बघितलीय. आमच्या आळीत एक काका पायाळू होते, सुगीच्या दिवसांत त्यांच्या दारात लाईन लागायची. साधी उसण दोन-चार दिवसांत तशीही जायची आणि नाव काकांचं व्हायचं. पण पायात मुंग्या असताना कमरेवर लाथ? सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि नको म्हणा.

आता तुमचा प्रश्न. तुम्ही विचारलंत उचलायची बरोबर पद्धत सांगा. ताई, 80 किलोचा माणूस एकट्या बाईने उचलायची बरोबर पद्धतच नाहीये. मी 31 वर्षं वॉर्डात काढली, मला कुणी शिकवली नाही, मीही कुणाला शिकवली नाही, कारण ती नाहीच. अमेरिकेत कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणारी निऑश नावाची सरकारी संस्था आहे, त्यांच्या हिशेबात सगळं अगदी अनुकूल असलं, म्हणजे वस्तू अंगाजवळ, कंबरेच्या उंचीला, धरायला नीट मूठ, तरी एका माणसाने 23 किलोपर्यंतच उचलावं. आणि पेशंटसाठी तिथल्याच एका तज्ज्ञाने 2007 साली आकडा काढला तो 35 पौंड, म्हणजे जेमतेम 16 किलो. कमी का, तर पेशंटला मूठ नसते, तो मध्येच हलतो, घाबरतो, घामाने निसटतो. आजोबांचा नुसता एक पाय साधारण 13 किलो भरेल. डायपर बदलताना दोन्ही पाय एकदम वर धरत असाल तर तिथेच हिशेब संपला.

मालकांना सांगा, तुमचं खरं आहे पण गोणी आणि आजोबा यात फरक आहे. 50 किलोची गोणी असली तरी तिला हूक लावता येतो, दोघं मिळून ती पाठीवर चढवून देतात, आणि एकदा पाठीवर बसली की वजन थेट मणक्याच्या रेषेत येतं. तुम्ही स्वतः आठवा, डोक्यावर दोन हंडे घेऊन कोसभर चालताना कंबर धरली नसेल, पण विहिरीच्या काठावर वाकून हात लांब करून भरलेली बादली ओढताना चमक भरली असेल. पाठीचे स्नायू मणक्याच्या मागे पाचेक सेंटीमीटरवर असतात, आणि तुम्ही वजन धरलंय मणक्यापासून पुढे पन्नास सेंटीमीटरवर. दहापट अंतर. म्हणजे 10 किलो हातात असलं तर पाठीला 100 किलोची ओढ लावावी लागते, आणि तुमचं स्वतःचं वाकलेलं अंग सावरायला लागते ती अजून वेगळीच. दिवाणावर पलीकडे झोपलेल्या आजोबांच्या काखेत हात घालता तेव्हा मणक्यामधल्या गादीवर काय येत असेल याचा अंदाज करा. गुडघ्यात वाकायचं म्हणाल तर दिवाणाची कड मध्ये येते, गुडघे जाणार कुठे? तो सल्ला जमिनीवरच्या खोक्यासाठी आहे.

आणि पट्टा. कमरेच्या पट्ट्यावर 2000 साली एक मोठा अभ्यास छापून आला होता, अमेरिकेत दुकानांमध्ये माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या नऊ हजारांहून जास्त कामगारांचा, त्यात पट्टा लावणाऱ्यांची पाठदुखी काही कमी निघाली नाही. डॉक्टरांनी दुखण्यासाठी दिला तर तो ते सांगतील तितके दिवस लावा, पण पट्टा लावला म्हणजे आता 80 किलो उचलता येतील हे डोक्यातून काढा. तसंच 'कसं उचलायचं' याच्या नुसत्या ट्रेनिंगचं. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 2008 साली बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता, नुसतं शिकवून पाठदुखी टळल्याचा पुरावा सापडला नाही. मला हे वाचून बरं वाटलं होतं खरं सांगायचं तर. कारण माझी स्वतःची कंबर गेली ती नाइट ड्युटीला, ट्रॉलीवरून घसरणाऱ्या एका बाईंना मी झेपावून धरलं तेव्हा. सहा आठवडे घरी होते. परत गेल्यावर वरिष्ठ म्हणाल्या, सिस्टर तुमचं टेक्निक चुकलं. चाळीस पेशंटच्या वॉर्डात रात्री आम्ही दोघी, त्यातली एक दुसऱ्या टोकाला, ट्रॉलीचा एक ब्रेक महिनाभर मोडलेला, आणि चुकलं कुणाचं तर माझं टेक्निक! तुमच्या आधीची बाई 'एकटीच करायची' म्हणतात ना, ती आता कुठे आहे आणि तिची कंबर कशी आहे हे एकदा विचारून बघा.

तर मग करायचं काय. उचलायचं नाही, सरकवायचं, आणि सरकवायचंसुद्धा जितकं कमी लागेल तितकं बरं.

भाकरी थापताना आपण परातीत कोरडं पीठ टाकतो. पीठ असेल तर बोटाने ढकलली तरी भाकरी गरागरा फिरते, पीठ कमी पडलं की चिकटते आणि उचलायला गेलो की तुटते. आजोबांच्या खाली पीठ नाहीये. रेक्झिन, त्यावर सुती चादर, त्यात घाम, सगळं धरून ठेवणारं. हॉस्पिटलात यासाठी गुळगुळीत कापडाची स्लाइड शीट मिळते, सर्जिकल सामानाच्या दुकानात विचारा, नाहीतर जुनी नायलॉनची किंवा पॉलिएस्टरची साडी, जी नेसली की सारखी घसरते आणि आपण वैतागून कपाटात टाकलेली असते ना तीच, ती घडी घालून डबल करायची. एक थर दुसऱ्या थरावर घसरतो, तेच पीठ. आजोबांना कुशीवर करून साडी खांद्यापासून मांड्यांपर्यंत अर्धी आत सारायची, मग दुसऱ्या कुशीवर करून पलीकडून ओढून घ्यायची. तिच्यावर एक जाड आडवी चादर, आम्ही ड्रॉ शीट म्हणायचो, तीसुद्धा खांद्यापासून मांड्यांपर्यंत. धरायचं त्या चादरीला. आजोबांच्या काखेला धरायचं नाही, आणि उजव्या हाताला तर अजिबात नाही. पॅरालिसिसच्या बाजूचा खांदा ढिला असतो, ओढला की निखळतो, मग ते दुखणं महिनोन्‌महिने जात नाही. काम झालं की साडी लगेच काढून घ्या, खाली राहिली तर आजोबाच कॉटवरून घसरतील.

वर घेताना दोघं लागतात, एक या बाजूला एक त्या बाजूला. डोक्याकडची बाजू सपाट करा (जेवण झाल्या झाल्या नको, अर्धा तास जाऊ द्या), उशी काढून डोक्याकडच्या फळीला उभी लावा म्हणजे टाळू आपटणार नाही. चादरीच्या कडा गुंडाळत गुंडाळत आजोबांच्या अंगाजवळ आणा. विठोबासारखे पाय जुळवून उभं राहायचं नाही, एक पाय पुढे एक मागे, आणि हाताने खेचण्यापेक्षा मागच्या पायावरचं आपलं अंग पुढच्या पायावर न्यायचं. आजोबांना सांगायचं, डावा गुडघा उभा करा, हनुवटी छातीला लावा, मी तीन म्हटलं की पायाने रेटा. त्यांची डावी बाजू चांगली आहे ना? मग तिला कामाला लावा. आपण बायका काय करतो, पेशंटला त्रास नको म्हणून सगळं आपणच करतो, आणि मग त्याचा चांगला पायही गादीवर पडून पडून बारीक होत जातो. कधी खरंच घरात कुणी नसेल तर साडी खाली घाला, त्यांच्या डाव्या पायाचं पाऊल घसरू नये म्हणून दोन्ही हातांनी दाबून धरा आणि त्यांनाच वर रेटू द्या. वीतभर गेले तरी खूप झालं, बाकीचं माणूस आल्यावर. पाठ टेकवून खायला बसवण्यापुरतं तेवढं पुरतंही बरेचदा.

पण आठ-दहा वेळा खाली येतात तरी का ते बघा. माझा अंदाज, तुम्ही आधी पाठ वर करता. पाठ वर केली की माणूस उतारावरून घसरल्यासारखा खाली येणारच. आधी गुडघ्यांखालचा भाग वर करायचा, हँडलची कॉट नसेल तर गुडघ्यांखाली लोडासारखी गुंडाळलेली चादर, आणि त्यानंतर पाठ. खाली आणताना उलटं, आधी पाठ. आणि कॉट जिथे वाकते तिथे बरोबर त्यांची कंबर यायला हवी. एवढ्यावरच तुमच्या फेऱ्या कमी होतील, नक्की किती ते आजोबांवर आहे.

डायपरला पाय उचलणं बंद. कुशीवर वळवायचं. ज्या बाजूला वळवायचं त्या बाजूला तुम्ही उभं राहायचं, लांबचा गुडघा उभा करायचा, एक हात खांद्यामागे एक हात ढुंगणामागे, आणि स्वतःकडे वळवायचं. पलीकडे ढकलायचं नाही, पडतात. उजव्या कुशीवर घेताना उजवा हात आधी पुढे काढून घ्या, अंगाखाली अडकू देऊ नका.

हे सगळं ठीक, पण दिवाण. तो कसा आहे ते पत्रात तुम्ही लिहिलं नाहीत पण मी पैज लावते की तो बुटका आहे आणि भिंतीला चिकटवलेला आहे, डोंबिवलीच्या खोल्या मला माहीत आहेत. पहिलं, तो भिंतीपासून ओढून दोन्ही बाजूंनी जाता येईल असा करा. टीव्ही हलवावा लागला तर हलवा. तोपर्यंत पलीकडचं काम करताना एक गुडघा दिवाणावर टेकवा, लांबून वाकू नका. दुसरं, उंची. तुमचं काम करताना गादी तुमच्या कंबरेच्या आसपास यायला हवी, पण आजोबांना उठवून बसवायचं तर त्यांचे पाय जमिनीला टेकायला हवेत, म्हणजे दोघांची गरज उलटी. म्हणून उंची कमीजास्त होणारी कॉट सगळ्यात बरी. विकत नको, भाड्याने मिळते, आणि बऱ्याच शहरांत सेवाभावी संस्था आणि मंडळं डिपॉझिट घेऊन अगदी नाममात्र भाड्यात कॉट, व्हीलचेअर, वॉकर देतात, रुग्णसाहित्य केंद्र कुठे आहे असं विचारलं की कुणीतरी सांगतं. घेताना नीट बघा, पाठ आणि गुडघे वर होणारी कॉट वेगळी आणि अख्खी कॉट वर-खाली होणारी वेगळी, दुकानदार दोन्हीला हॉस्पिटल कॉटच म्हणतो.

व्हीलचेअर. आजोबांच्या डाव्या बाजूला, म्हणजे चांगल्या बाजूला लावायची, जरा तिरकी, कॉटला चिकटून. ब्रेक, मग पुन्हा ब्रेक. पाय ठेवायच्या पट्ट्या वर. आजोबांना अगदी कडेला आणा, पावलं मागे, गुडघ्यांच्या जरा आत, आणि पुढे वाकायला सांगा, इतकं की नाक बोटांच्या पुढे जाईल. माणूस पुढे वाकल्याशिवाय उठू शकत नाही, तुम्ही स्वतः खुर्चीतून ताठ बसून उठून बघा, जमणार नाही. आपण काय करतो, त्यांना वर ओढतो, आणि ते घाबरून मागे रेलतात, म्हणजे दोघांचं भांडणच. त्यांच्या कमरेला एक रुंद जाड पट्टा बांधा, शिंप्याकडून बाजूंना पिशवीसारखे बंद शिवून घ्या, धरायचं त्या बंदांना. उजव्या गुडघ्याला तुमचा गुडघा लावून ठेवा म्हणजे तो मोडणार नाही. वळताना कमरेतून पिळायचं नाही, छोटी छोटी पावलं टाकत अख्खं वळायचं. आणि आजोबांना तुमच्या गळ्यात हात टाकू देऊ नका! प्रेमाने टाकतात, मला माहीत आहे, पण पाय लटपटले की तेच हात तुमच्या मानेला लोंबकळतात. त्यांच्या फिजिओथेरपिस्टला एकदा समोर करून दाखवायला सांगा. आजोबा पायावर अजिबातच भार घेत नसतील तर हे काम एकटीने करायचंच नाही, दुसरा माणूस नाहीतर लिफ्टर मशीन.

पडायला लागले तर त्यांना उभं धरून ठेवायला जाऊ नका. हे ऐकायला निर्दयी वाटतं, मलाही वाटायचं. पट्टा धरून, त्यांना आपल्या मांडीवरून घसरवत हळू जमिनीवर बसू द्या, डोकं तेवढं सांभाळा. एकदा जमिनीवर गेले की काही घाई नाही. कुठे लागलंय का बघा, खूप दुखत असेल किंवा डोकं आपटलं असेल तर हलवू नका, डॉक्टर बोलवा. नाहीतर उशी द्या, पाणी द्या, वॉचमन आणि शेजारच्या दोघांना हाक मारा. आजोबा दहा मिनिटं फरशीवर बसले तर काही बिघडत नाही.

आता घरच्यांशी बोलणं, जे तुम्हाला सगळ्यात अवघड जाणार आहे. लोक चांगले आहेत म्हणताय तर माझ्या मते 'माझी कंबर दुखते' इथून सुरुवात करू नका. दुर्दैवाने त्याचं उत्तर 'मग दुसरी बाई बघू' असं येऊ शकतं. सुरुवात आजोबांपासून करा, आणि ते खोटंही नाही: "दादा, मी एकटीने ओढते तेव्हा बाबांचा उजवा खांदा ओढला जातो, चादरीला घासून पाठीची कातडी सोलते, एखाद दिवशी माझ्या हातून पडले तर खुब्याचं हाड मोडेल. दोन वेळा मला दुसरा हात लागेल, सकाळी तुम्ही ऑफिसला जायच्या आधी आणि रात्री जेवणानंतर, पाच-पाच मिनिटं." वेळ ठरवून मागितली की माणूस नाही म्हणत नाही सहसा. मग जड कामं, म्हणजे व्हीलचेअर, चादर बदलणं, अंग पुसणं, त्या दोन वेळांत बसवा आणि मधल्या वेळात फक्त कुशी बदलणं आणि डायपर ठेवा. कुशीचं मात्र चुकवू नका, पाठीला जखमा होतील. कमरेचं मग त्याच बोलण्यात शेवटी सांगा, लपवू नका, डॉक्टरकडे जायला अर्धा दिवस तर लागणारच आहे.

ब्युरोलाही कळवा. कारखान्यात कुणाला इजा होईल इतकं जड उचलायला लावायचं नाही असं 1948 च्या कारखाने कायद्यात कलम 34 होतं, माथाड्यांसाठी 1969 चा वेगळा कायदा आहे, पण घरात पेशंट सांभाळणारी बाई कारखान्यातही बसत नाही आणि मार्केटातही नाही, त्यामुळे तुमचं तुम्हालाच विचारून घ्यावं लागतं. पुढचं काम घेताना पगाराच्या आधी विचारायचं: पेशंटचं वजन किती, पायावर भार घेतो का, पलंग कसला, घरात दुसरं धडधाकट माणूस कोण. मालकांच्या युनियनवाल्यांना कधीतरी विचारा, तुमच्यासारख्या बायकांसाठी काही होऊ शकतं का. मला तर हे फार पूर्वीच व्हायला हवं होतं असं वाटतं.

स्वतःसाठी एवढंच. झोपून राहू नका, दुखणं बेताचं ठेवून घरातल्या घरात चालत राहा. सकाळी उठल्या उठल्या पहिला अर्धा-पाऊण तास आजोबांना ओढू-वळवू नका, रात्रभरात मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, तेव्हा वाकलं की जास्त ताण येतो. आधी चहा, त्यांच्या गोळ्या, तोंड धुणं, वळवणं मग. आणि खूप वेळ वाकून किंवा बसून काम झालं की उभं राहून विठोबासारखे कमरेवर हात ठेवा आणि हळू मागे झुका, चार-पाच वेळा. पायातल्या मुंग्या त्याने वाढल्या तर लगेच थांबवा आणि ते डॉक्टरांना सांगा.

दिवाणाची उंची जमिनीपासून गादीच्या वरपर्यंत टेपने मोजा, तुमची कंबर जमिनीपासून किती ते मोजा, आणि आजोबांच्या गुडघ्यापासून टाचेपर्यंत किती तेही. तिन्ही आकडे मला कळवा. कॉट मिळेपर्यंत सुताराकडून दिवाणाच्या पायांखाली किती इंचाचे ठोकळे, खोबणी केलेले, घालून घ्यायचे ते मग सांगते. नुसत्या विटा लावू नका, सरकतात.